स्टॉपरची सही

पहाटे ५.४५. कोल्हापुरातल्या गांधी मैदानावर धड उजाडलेलं नाही. गडहिंग्लजचा पोरगा माझ्याआधी हजर. वय २०, डाव्या पायाचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू. तीन वर्षं एका फुटबॉल क्लबच्या अकादमीत होता. गेल्या महिन्यात करार संपला, क्लबनं वाढवला नाही. "सर, रिलीज लेटर," म्हणून त्यानं कागद पुढं केला. घड्यांवर फाटत आलेला. किती जणांना दाखवून झाला असेल!

६.३०. सहा-सहाचा गेम लावला. मी चेंडू सोडून त्याच्या मानेकडं बघत होतो. चेंडू पलीकडं असला की हा दर दोन-तीन सेकंदांनी खांद्यावरून मागं बघणार : फॉरवर्ड कुठाय, जागा कुठं सुटलीय. ही सवय अंगात मुरायला वर्षं जातात. हेडिंग चांगलं. उजव्या पायावर चेंडू आला की मात्र गडबडतो. एक पास थेट समोरच्याला दिला आणि मग दहा मिनिटं गप्प. स्टॉपरनं गप्प बसून चालत नाही, त्याच्या आवाजावर अख्खी बॅक लाइन वर-खाली होते.

११.००. माझ्या दुकानातून त्याच्या अकादमीच्या कोचना फोन. दुखापत नाही, शिस्तीची तक्रार नाही. उंची कमी पडली म्हणे. शिवाय जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) लांबणीवर पडल्यापासून क्लबांनी हात आखडलेत. उंचीचंच म्हणाल तर अँडी रॉबर्टसनला सेल्टिकनं लहान चणीचा म्हणूनच सोडलं होतं. २०१९ ला तो लिव्हरपूलकडून चॅम्पियन्स लीग जिंकला. पण तो लेफ्ट बॅक. स्टॉपरला कॉर्नरवर उंची लागतेच, हे मला नाकारता येत नाही. उडीची वेळ साधणारा पोरगा ती कसर भरून काढतो, आणि सकाळी यानं ती साधली.

संध्याकाळी ७.००. आमच्या संघाची तालमीत बैठक. पैशाचं पाच मिनिटांत मिटलं. खरा प्रश्न तालमीतल्या अण्णांनी काढला : "पेठेतलं पोरगं बाकावर बसवून बाहेरचा खेळवायचा?" आमचा १८ वर्षांचा स्टॉपर याच तालमीत वाढलाय. अण्णांचं दुखणं माझंही आहे. तरी मी म्हणालो, सही घ्या, एका हंगामाची. शाहू स्टेडियमवर भरल्या गॅलरीसमोर चूक करून आपलं पोर खचण्यापेक्षा त्याला सरावात रोज तोडीचा जोडीदार मिळू दे. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या पोराला तू स्वतः जाऊन सांगायचं." उद्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं (केएसए) नोंदणीची कागदपत्रं द्यायची ठरलं.

रात्री ९.१५. पेठेतल्या पोराच्या दारात. सगळं सांगितलं. मान खाली घालून ऐकत होता.

"सर, तो कुठल्या पायाचा?"

"डाव्या."

"मग मी उजवीकडनं खेळतो की."

उजवीकडं आमचा कॅप्टन खेळतो, वय ३४. आता उद्या त्याच्या घरी जायचं आहे.