पाणथळीची राखण

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स शहराच्या दक्षिणेला, वाकारुसा नदीच्या पूरमैदानात एक पाणथळ आहे. तिच्या उत्तरेला हॅस्केल इंडियन नेशन्स युनिव्हर्सिटी. देशभरातल्या मूलनिवासी जमातींची मुलं इथे शिकायला येतात. या विद्यार्थ्यांच्या एका पर्यावरण मंडळाने पाणथळीतून जाणाऱ्या महामार्गाविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला. वेटलँड्स प्रिझर्वेशन ऑर्गनायझेशन हे त्याचं नाव. बेडूक, बगळे आणि पाणकणसं वाचवण्याची ही चळवळ, असं वरवर पाहणाऱ्याला वाटेल. पण तिची मुळं पार 1884 पर्यंत जातात.

त्या वर्षी सरकारने इथे मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. तीच पुढे हॅस्केल विद्यापीठ झाली. सुरुवातीला मुलं होती 22. आल्याबरोबर त्यांचे केस कापले जात, अंगावर गणवेश चढे, लष्करी कवायत सुरू होई आणि मायबोली तोंडातून काढायची बंदी असे. मुलांमधलं ‘इंडियनपण’, म्हणजे त्यांची मूलनिवासी ओळख, पुसून टाकणं हाच शिक्षणाचा हेतू होता. शाळेच्या आवारातल्या दफनभूमीत आज 103 थडगी आहेत. घरी परत न गेलेल्या मुलांची.

अशा शाळेला लागून ही दलदल होती. जमातींच्या आठवणींत तिची जागा वेगळी आहे. मुलं डोळा चुकवून तिथे जात, आपल्या भाषेत बोलत, गाणी म्हणत. दूरवरून आलेले आईबाप तिथेच मुक्काम टाकत, लेकरू दिसेल या आशेने. शेती शिकवण्याच्या नावाखाली शाळेने त्याच दलदलीत चर खणून पाणी काढलं. पुढे 1968 मध्ये त्यातली 573 एकर जमीन सरकारने शेजारच्या बेकर विद्यापीठाला दिली. हॅस्केलची जमीन होती. ती कुणाला द्यायची हे ठरवताना जमातींचा शब्द चालला नाही.

म्हणून साउथ लॉरेन्स ट्रॅफिकवे हा रस्ता पाणथळीतून न्यायचं ठरलं तेव्हा विद्यार्थी उभे राहिले. जीवशास्त्राच्या वर्गात शिकलेलं आणि आजी-आजोबांकडून ऐकलेलं, दोन्ही त्यांनी एकत्र मांडलं. ते लोकांना पाणथळीत घेऊन जात आणि ही जागा काय आहे ते दाखवत. रस्ता नदीच्या पलीकडून, दक्षिणेकडून न्यावा, असा पर्याय पुढे होता. प्रेअरी बँड पोटावाटोमी जमात आणि पर्यावरण संस्थांबरोबर हे मंडळ न्यायालयातही वादी झालं. विद्यार्थ्यांचं मंडळ केंद्र सरकारच्या महामार्ग खात्यासमोर उभं राहतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. 2012 च्या उन्हाळ्यात हॅस्केलचे काही विद्यार्थी वॉशिंग्टनपर्यंत पायी गेले. त्या पदयात्रेला त्यांनी ‘मोडलेल्या वचनांची वाट’ असं नाव दिलं होतं. त्याच जुलैमध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला. रस्ता पाणथळीतूनच जाणार होता.

भरपाई म्हणून नवी पाणथळ तयार करण्यात आली. बेकरचं क्षेत्र 573 वरून 927 एकरांवर गेलं. पाणी आलं, पक्षी आले. निसर्गाच्या हिशेबात ही भर खरी आहे आणि ती नाकारण्याचं कारण नाही. पण आईची वाट पाहत मूल ज्या बांधावर बसलं, तो बांध मैलभर अंतरावर नव्याने घालता येत नाही. एकरांच्या तक्त्यात या गोष्टीला रकाना नव्हता. विद्यार्थी नेमकं हेच सांगत होते आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं.

हॅस्केलचेच प्राध्यापक डॅनिएल वाइल्डकॅट यांनी 2009 च्या ‘रेड अलर्ट!’ या पुस्तकात मूलनिवासींच्या ज्ञानाकडे पृथ्वी वाचवण्याचा मार्ग म्हणून पाहिलं आहे. त्यांच्या दृष्टीने ते ज्ञान एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहून, तिच्याकडे लक्ष देत मिळवलेलं असतं. जागा गेली की शिकवणारा गेला.

रस्ता नोव्हेंबर 2016 मध्ये वाहतुकीसाठी खुला झाला. त्याच्या उत्तरेला, हॅस्केलच्या हद्दीत, पाणथळीचा एक तुकडा अजून शिल्लक आहे.