दुसरं बाळही गेलं, तर रक्ताची तपासणी करा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, वही लिहून झाली आणि एक ताई रडायलाच लागली. तिचं दुसरं बाळही आठव्या दिवशी गेलं होतं. दोन्ही बाळं जन्मली तेव्हा छान होती. तिसऱ्या दिवसापासून दूध ओढेनात, सारखी झोपून, उलट्या, मग झटके. दवाखान्यात जंतुसंसर्ग म्हणाले, घरात दृष्ट म्हणाले. शेवटी "हिच्याच दुधात दोष" इथपर्यंत गोष्ट गेली.

दुधात दोष नव्हता. काही बाळांच्या शरीरात दुधातली प्रथिनं वापरायला लागणारं एखादं द्रव्य जन्मतःच तयार होत नाही. पोटात असताना वारेतून आईचं शरीर ते काम सांभाळतं. जन्मानंतर दूध सुरू झालं की रक्तात विषारी पदार्थ साठायला लागतात. अशा एका आजारात लघवीला जळक्या साखरेसारखा वास येतो. पण म्हणून अंगावरचं दूध आपल्या मनाने तोडू नका, ते डॉक्टरच ठरवतील.

हा दोष बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून येतो. दोघंही धडधाकट असतात, त्यांना पत्ताच नसतो. दोघांकडे तोच दोष असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता. म्हणजे एक बाळ गेलं की पुढची तीन सुरक्षित, असं नाही. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर शक्यता वाढते. (आपल्याकडे अशी लग्नं किती, तुम्हीच मोजा.)

बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतात, त्यावरून काय साठलंय ते कळतं. नेमका दोष जनुक तपासणीत सापडतो. त्याला काही आठवडे लागतात, उपचार मात्र आधीच सुरू करतात. बाळ वाचणार नाही असं वाटलं तरी त्याचं रक्त जपून ठेवायला सांगा. दोष माहीत असेल तर पुढच्या खेपेला ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा तपासता येतो. त्यात मुलगा-मुलगी सांगत नाहीत, तो गुन्हा आहे. रक्त ठेवलं नसेल तर नवरा-बायको दोघांचं तपासतात, तेही दिवस जायच्या आधी. मुंबईच्या केईएममध्ये दुर्मीळ आजारांचं सरकारी केंद्र आहे. जाताना बाळाचे सगळे जुने कागद न्या.

ती ताई आणि तिचा नवरा रक्त देऊन आलेत. सोबत सासूबाई गेल्या होत्या.