पान्याची खरी किंमत

घरची गाडी घरीच दुरुस्त करण्याची हौस भारतात जुनीच आहे. रविवारी सकाळी अंगणात वा इमारतीखालच्या मोकळ्या जागेत स्कूटर उभी करून तिचा स्पार्क प्लग साफ करणारा, किंवा मोटारीच्या इंजिनाखाली परात सरकवून जुने तेल काढणारा गृहस्थ प्रत्येक शहरात आढळतो. आजच्या मोटारींतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेमुळे त्याचे क्षेत्र पूर्वीपेक्षा आकुंचित झाले आहे हे खरे. तथापि तेल व गाळण्या बदलणे, बॅटरीची टोके घट्ट करणे, ब्रेकची तपासणी, चाक बदलणे ही कामे आजही त्याच्या आवाक्यातील आहेत. या कामांना प्रारंभ करताना त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अवजारांचा. दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळ, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा चेन्नईच्या पुदुपेट्टै भागात त्याला दोन प्रकारचा माल दिसतो. एकीकडे चकचकीत प्लॅस्टिकच्या पेटीत मांडलेला, सवलतीच्या दराचा शेहेचाळीस नगांचा संच. दुसरीकडे एखाद्या नामांकित देशी कारखान्याचा, तेलकट कागदात गुंडाळलेला एकच पाना. आता तर पहिल्या प्रकारचा संच घरबसल्याही मागवता येतो. या दोहोंतून निवड कशी करावी?

या प्रश्नाचे उत्तर नटाच्या सहा कोपऱ्यांत दडलेले आहे. पाना नटाला फिरवतो तो त्याच्या सपाट बाजूंवर दाब देऊन. पान्याचे तोंड नटाच्या मापाला जितके नेमके बसेल, तितका हा दाब मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो. तोंड थोडे जरी सैल असले तरी पाना आधी किंचित तिरपा होतो आणि सारा भार कोपऱ्यांच्या बारीक रेघेवर एकवटतो. भार लहानसहान नसतो. वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास २५ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला, तर नटावर सुमारे ४९ न्यूटन-मीटर एवढे पीळबल पडते; आणि गंजलेला नट सोडवण्यास याहूनही अधिक जोर लागतो. अशा वेळी कोपरे छिलले जातात, नट गोल होतो आणि त्यानंतर चांगला पानाही त्याला पकडू शकत नाही. मग छिन्नी, हातोडा किंवा वेल्डिंगचा आश्रय घ्यावा लागतो. पाना घसरतो त्या क्षणी हाताची बोटे समोरच्या लोखंडावर आदळतात, ते वेगळेच.

तोंडाचे माप सुरुवातीला अचूक असून भागत नाही. जोर पडल्यावरही ते अचूक राहिले पाहिजे. येथे पोलादाचा प्रश्न येतो. उत्तम पाने बहुधा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचे असतात. या मिश्र पोलादात क्रोमियमचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास व व्हॅनेडियमचे त्याहून पुष्कळच कमी असते. पण एवढ्यानेही पोलादास कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन्ही गुण एकदम लाभतात. तापवून लाल केलेली कांब पोलादी साच्यांच्या दोन भागांत ठेवून तिच्यावर घणाचा आघात केला जातो. बाहेर आलेली कड कापून टाकतात. त्यानंतर पान्याचे तोंड मापात आणतात आणि मग त्याला पाणी दिले जाते. तापलेला पाना तेलात बुडवून एकदम थंड केला की तो अतिशय कठीण, पण काचेसारखा ठिसूळ होतो. त्याला पुन्हा माफक तापवले म्हणजे काही कठीणपणा जातो आणि चिवटपणा येतो. गावातील लोहार कोयत्याला वा पटाशीला पाणी देतो, त्यामागील तत्त्व हेच. कारखान्यात फरक एवढाच की, नजरेऐवजी तापमापक वापरतात आणि प्रत्येक खेप कठीणता मोजून तपासली जाते.

स्वस्त मालात काटछाट होते ती नेमकी या पायऱ्यांवर. पोलाद हलके वापरले जाते, पाणी देण्याचे काम उरकले जाते, तपासणी गाळली जाते. केवळ क्रोमचा मुलामा मात्र सर्वांवर सारखाच झळकतो. म्हणूनच पान्याची चकाकी ही त्याच्या गुणाची साक्ष नव्हे. पान्यावर कोरलेली ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरेही तसा पुरावा ठरत नाहीत. अक्षरे कोरण्यास पोलाद चांगले असावे लागत नाही. पाणी कमी पडलेल्या पान्याचे तोंड जोराखाली फाकते. जास्त पडलेला पाना एकाएकी तडकतो. पहिला नटाचे नुकसान करतो, दुसरा माणसाचे.

देशी माल म्हणजे दर्जेदार आणि परदेशी स्वस्त माल म्हणजे टाकाऊ, अशी सरळ विभागणी मात्र करता येत नाही. पंजाबातील जालंधर व लुधियाना आणि राजस्थानातील नागौर ही हातावजारांची मोठी केंद्रे होत. तेथील माल युरोप-अमेरिकेच्या बाजारांतही जातो, आणि पदपथावर वजनावारी विकला जाणारा मालही अशाच छोट्या-मोठ्या भट्ट्यांतून येतो. महाराष्ट्रात नाशिक येथे अवजारे बनवणाऱ्या टपारिया या कंपनीने १९६९ साली स्वीडनमधील एका कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उत्पादन सुरू केले, आणि देशभरच्या गॅरेजांत तिचे नाव रुळले. भेद देशाचा नसून पद्धतीचा आहे. नामांकित उत्पादक आपले नाव पान्यावर कोरतो तेव्हा तो एका अर्थी जामीन राहतो. निनावी मालाला जामीन कोणीच नसतो. भारतीय मानकांत दुतोंडी पान्यांसाठी २०२८ आणि रिंग पान्यांसाठी २०२९ या क्रमांकांची मानके आहेत. त्यांचा उल्लेख वेष्टनावर असल्यास ग्राहकाला निदान विचारण्यासाठी एक आधार मिळतो. मात्र नावाजलेल्या मालाच्या नकलाही बाजारात असतात. म्हणून खरेदी अधिकृत विक्रेत्याकडे करावी आणि पावती घ्यावी.

मापांचा घोळ हाही नट खराब होण्यास कारणीभूत होतो. ॲम्बॅसडर मोटारीचे घराणे इंग्लिश मॉरिसचे. तिच्यावर इंची मापाचे नट होते. प्रीमियर पद्मिनी फियाटच्या वंशातील, म्हणून मिलिमीटरची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ मिलिमीटरचा पाना बसतो, पण ०.३ मिलिमीटरची फट राहते. ती डोळ्यांना क्षुल्लक दिसली तरी कोपरे छिलण्यास पुरेशी आहे. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून जपानी वळणाची १०, १२, १४, १७ ही मापे सर्वत्र परिचित झाली. आपल्या गाडीवर कोणती मापे आहेत हे आधी पाहून तेवढेच पाने घेतले, तर शेहेचाळीस नगांच्या पेटीची गरजच उरत नाही. पाच-सहा रिंग पाने, तितकेच दुतोंडी पाने, एक रॅचेट, सहा कोनांची मोजकी सॉकेटे, दोन-तीन पेचकस आणि एक पक्कड एवढ्यावर घरगुती काम बहुतेक भागते.

आता हिशेब. समजा, चांगल्या पान्यास स्वस्त पान्याच्या तिप्पट किंमत पडते. स्वस्त पाना तीनदा विकत घ्यावा लागला की दोघांची बरोबरी होते; आणि त्या तीन वेळांत एकदा जरी बोल्ट तुटून इंजिनात अडकला, तर मेकॅनिकला द्यावी लागणारी मजुरी संपूर्ण संचाच्या किमतीहून अधिक होऊ शकते. रस्त्याकडेचा मेकॅनिक दिवसातून शंभर वेळा पाना चालवतो. त्याची मिळकत थोडी असली तरी तो पाने पारखून घेतो, एकेक करून जमवतो आणि सहसा कोणाला उसने देत नाही. त्याच्या या वागण्यात कंजूषपणा नाही, अनुभव आहे.

याचा अर्थ स्वस्त वस्तू कधीच घेऊ नये असा नव्हे. तेल गोळा करण्याची परात, नरसाळे, तारेचा ब्रश यांवर अधिक खर्च करण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षांतून एकदाच लागणारे खास अवजार भाड्याने वा उसने मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास हलक्या कामापुरते स्वस्त घेतले तरी चालते. जेथे अवजार मोडले तर केवळ गैरसोय होते तेथे काटकसर करावी. जेथे नट, बोट किंवा प्राण धोक्यात येतो तेथे करू नये.

प्राणाचा उल्लेख येथे अलंकारिक नाही. जॅकवर उचललेल्या मोटारीखाली, तिला दुसरा भक्कम आधार दिल्याशिवाय, कोणीही कधीही शिरू नये. गाडीबरोबर येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. द्रवचलित जॅकची एक झिजलेली रबरी चकतीही गाडी खाली आणण्यास पुरेशी ठरते. म्हणून वजनक्षमता स्पष्ट लिहिलेल्या, विश्वासू उत्पादकाच्या पोलादी घोड्यांवर गाडी टेकवावी, उरलेल्या चाकांना अडणी लावावी आणि जमीन सपाट व टणक असल्याची खात्री करावी. ज्याच्याकडे थोडेच पैसे आहेत त्याने ते प्रथम या घोड्यांवर खर्च करावेत. पाने नंतर, एकेक करून घेता येतात.