निवळीचे चाळीस हात

इंग्लंडमधल्या वेल्स कॅथीड्रलच्या पश्चिम दर्शनी भिंतीवर तेराव्या शतकातल्या सुमारे ३०० मूर्ती आजही उभ्या आहेत. राजे, बिशप, संत, देवदूत. माथ्यावरचा येशू मात्र इतका झिजला होता, की त्याचा वरचा भाग उरलाच नव्हता. १९८५ मध्ये तिथे डेव्हिड विन यांनी घडवलेली नवी मूर्ती बसवावी लागली.

दगड जवळच्याच डौल्टिंगच्या खाणीतला, चुनखडीचा. छिन्नीला सोपा, म्हणून पाथरवटांचा लाडका. पण कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्याबरोबर आत शिरला, की या दगडाचे जिप्सम होते. पाऊस थेट लागतो तिथे ते धुऊन जाते. आडोशाला काजळी धरून त्याची काळी खपली बनते आणि ती सुटताना मूर्तीचे नाक, बोटे, वस्त्राच्या चुण्याही घेऊन जाते.

१९७०च्या दशकात या मूर्ती जपण्याचे काम संवर्धक रॉबर्ट बेकर यांच्याकडे आले. दगड टिकवण्यासाठी कृत्रिम रसायनांकडे ओढा असलेल्या त्या काळात हा माणूस चुन्यावर अडून बसला. कळीचा चुना विरवून गरम असतानाच मूर्तीवर जाड थापायचा, कापडाने आणि प्लास्टिकने झाकून दोन-तीन आठवडे ओला ठेवायचा. हे पोटीस काढले की मऊ झालेली खपली हलक्या हाताने सोडवता येते. मग चुन्याच्या निवळीचे सुमारे चाळीस हात. भेगांत चुना आणि दगडाच्या पुडीचा मसाला. शेवटी चुना, बारीक वाळू, दगडाची पूड आणि दुधातले केसीन यांचा पातळ लेप. त्याचा रंग शेजारच्या दगडाशी जुळवून घेण्यात कारागिराची सगळी नजर पणाला लागते.

इतक्या सोशिक कामाबद्दल आदर वाटतो, पण वाद निवळीवरच झाला. लिटरभर पाण्यात चुना विरघळतो जेमतेम पावणेदोन ग्रॅम. तो कुजलेल्या दगडाला कितीसा सांधणार? संशोधक क्लिफर्ड प्राइस आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कॅल्शियमच्या मदतीने निवळीचा माग काढला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की बहुतेक चुना वरच्या दोनेक मिलिमीटरांतच थांबतो आणि दगड घट्ट झाल्याचे दिसत नाही.

मग मूर्तींना आधार कशाचा? पोटिसाने झालेल्या सफाईचा, बुजवलेल्या भेगांचा आणि सगळ्यात जास्त त्या पातळ लेपाचा. पाऊस आधी लेप खातो, दगड नंतर. म्हणूनच लेप विरत जातो आणि पुन्हा द्यावा लागतो. त्यासाठी परत परांची बांधायची, कसबी हात शोधायचे, पैसा उभा करायचा. हे एकदा करून विसरण्याचे काम नाही, आणि खरी काळजी तिथेच आहे.

मुंबईच्या राजाबाई टॉवरसारख्या इमारतींतला पोरबंदरी दगडही चुनखडीचाच. अशा दगडाच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, की ओल आत कोंडते आणि सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात. आपल्या गावातल्या जुन्या इमारतीवर दुरुस्तीचे काम निघाले, तर कंत्राटदाराला एवढे जरूर विचारा: मसाला चुन्याचा आहे की सिमेंटचा?