लोणार सरोवरातील जीवसृष्टी

महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यात, बेसाल्ट खडकावर अशनीच्या आघाताने झालेल्या सु. १·८ किमी. व्यासाच्या विवरात हे खारे व क्षारीय सरोवर आहे. त्यास बहिर्गम नसल्याने झरे व पावसाचे प्रवाह यांनी आणलेली लवणे बाष्पीभवनानंतर तेथेच साचतात. पाण्याचे पीएच मूल्य सामान्यतः ९·५ ते १०·५ असते. अशा पाण्यात स्पायरुलिनासारखी नील-हरित शैवले विपुल वाढतात व पाणी हिरवे दिसते. काठालगत गोड्या झऱ्यांच्या मुखाशी लवणता कमी असल्याने जीवजाती निराळ्या आढळतात.

तापमान वाढून पातळी खालावली की लवणता वाढते व हे संतुलन ढळते. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे आल्याचे दिसून आले; ते तळाशी बसल्यावर रंग ओसरला. यावरून एकाच ऋतूतील नमुन्यांवर निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हे लक्षात येते. तापमान, पातळी, लवणता व जीवजाती यांच्या ठराविक ठिकाणी, एकाच पद्धतीने, अनेक वर्षे घेतलेल्या नोंदींवरूनच ऋतुमानाचा फेरफार व कायमचा बदल यांतील भेद ओळखता येतो. सरोवराचा २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळांत समावेश झाल्याने अशा नोंदींचे महत्त्व वाढले आहे.