जुन्या विदेशी स्पोर्ट्स मोटारींची देखभाल व आगीचा धोका : एक विवेचन

प्रस्तावना :

इटलीतील मारानेल्लो येथील फेरारी आणि सांतआगाता बोलोन्येसे येथील लॅम्बोर्गिनी या कारखान्यांच्या मोटारी वेग व सौंदर्य यांचे प्रतीक मानल्या जातात. सचिन तेंडुलकर यांना २००२ साली भेट मिळालेल्या फेरारी ३६० मोडेनामुळे यांपैकी एक नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले. युरोप व अमेरिकेत मात्र अशा मोटारींच्या जुन्या नमुन्यांचा स्वतंत्र बाजार आहे. नवी मोटार घेणे ज्यांना परवडत नाही, असे हौशी ग्राहक वीस-तीस वर्षे वयाची मोटार विकत घेतात. मोटार जुनी होते तशी पहिली काही वर्षे तिची किंमत झपाट्याने उतरते. सुट्या भागांचे व कुशल कारागिराच्या वेळेचे मूल्य मात्र उतरत नाही. परिणामी मोटार दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाते, तेव्हा खरेदी आवाक्यातील आणि देखभाल आवाक्याबाहेरील, अशी विसंगती निर्माण होते. या विसंगतीतून देखभाल पुढे ढकलली जाते. अशा मोटारींना लागणारी आग ही पुष्कळदा आकस्मिक दुर्घटना नसून पुढे ढकललेल्या देखभालीचा अंतिम टप्पा असते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इंजिनाची रचना व उष्णता :

सामान्य मोटारीत इंजिन पुढे असते व धावताना त्यावर वारा येतो. फेरारी ३०८, ३४८, एफ३५५ किंवा लॅम्बोर्गिनी मिउरा, काउंताश यांसारख्या मोटारींत इंजिन आसनांच्या लगेच मागे, अरुंद कप्प्यात बसविलेले असते. आठ वा बारा सिलिंडर, एक्झॉस्टच्या नळ्या, विजेच्या तारा व इंधनाच्या नळ्या या सर्वांना तेथे दाटीने राहावे लागते. अनेक नमुन्यांत इंधनाची टाकीही याच भागाला लागून असते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणजेच नित्याच्या कोणत्याही हवामानात ती ज्वालाग्राही असते. जोराने चालविलेल्या मोटारीच्या एक्झॉस्टचे तापमान ६०० अंशांच्या पुढे जाते. इंधन आणि उष्णता यांच्यामध्ये उरते ती केवळ काही मिलिमीटर जाडीची रबरी नळी व तिच्या टोकाची क्लिप.

मोटार थांबल्यावर धोका लगेच संपत नाही. वाऱ्याचा झोत बंद झाल्याने कप्प्यातील तापमान काही काळ उलट वाढते. इंजिन पाठीमागे असल्यामुळे चालकाला ठिणगी दिसत नाही. आरशात धूर दिसेपर्यंत आग पुष्कळदा पसरलेली असते.

इंधनाची वाट :

इंधनपुरवठ्याच्या पद्धतीनुसार धोक्याचे स्वरूप बदलते. १९६६ ते १९७३ या काळात निर्माण झालेल्या मिउरामध्ये प्रत्येकी तीन नळकांड्यांचे चार वेबर कार्ब्युरेटर होते. त्यांतून ओसंडलेले पेट्रोल इंजिनाच्या उलट भडक्याने पेटण्याची भीती या मोटारीच्या जाणकारांना सुपरिचित आहे. कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब अल्प असल्याने नळी फुटली तर इंधन ठिबकते. १९८० साली फेरारी ३०८ मध्ये बॉशची यांत्रिक इंजेक्शन पद्धत आली. तीत इंधनाचा दाब सुमारे ५ बार असतो. अशा नळीला बारीक चीर पडली तरी पेट्रोल तुषाररूपाने उडते आणि हवेत मिसळून सहज पेट घेते.

रबराचे वय किलोमीटरवर मोजता येत नाही. उष्णता, हवेतील प्राणवायू व काळ यांच्या परिणामाने ते कडक होऊन तडकते. म्हणून 'गाडी फारच कमी चालली आहे' हे विक्रेत्याचे आश्वासन या बाबतीत दिशाभूल करणारे ठरते. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारीतील सील कोरडे पडतात व पहिल्याच दूरच्या प्रवासात गळू लागतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या प्रकारच्या रबरास अधिक घातक असते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल प्रमाण इंधन झाले, तेव्हा जुन्या मोटारींच्या मालकांना कमी इथेनॉलचे पेट्रोल वापरण्याचा सल्ला देण्यात आला होता. भारतातही २० टक्के मिश्रण रूढ झाले असल्याने येथील जुन्या मोटारींच्या संग्राहकांसाठी हा मुद्दा दूरचा नाही.

टाइमिंग बेल्ट व टळलेली तपासणी :

देखभाल आणि आग यांचा संबंध टाइमिंग बेल्टच्या उदाहरणातून सर्वाधिक स्पष्ट होतो. हा दातेरी पट्टा इंजिनाच्या झडपा व दट्ट्ये यांची गती जुळवतो. तो तुटल्यास झडपा दट्ट्यांवर आदळून इंजिन निकामी होते. म्हणून मोटार चालली नाही तरी साधारणतः तीन ते पाच वर्षांनी तो बदलावा, असे मानले जाते. १९८९ ची ३४८ आणि १९९४ ची एफ३५५ यांमध्ये यासाठी संपूर्ण इंजिन खाली उतरवावे लागते. १९९९ च्या ३६० मोडेनामध्ये आसनांमागील पडदी काढून हे काम होऊ लागले आणि २००४ च्या एफ४३० मध्ये पट्ट्याची जागा साखळीने घेतली.

इंजिन उतरविणे खर्चिक असल्याने मालक हे काम लांबवितो. परंतु एरवी नजरेआड राहणाऱ्या इंधनाच्या नळ्या, क्लिपा, तारा व तेल झिरपणारी गॅस्केट पाहण्याची खरी संधी इंजिन बाहेर आल्यावरच मिळते. पट्टा बदलणे टळले की ही तपासणीही टळते. पट्ट्यापासून आग लागत नाही. मात्र न बदललेला पट्टा, आत कोणी डोकावून पाहिलेले नाही याचा पुरावा असतो.

सूचक दिव्याकडे दुर्लक्ष :

या काळातील अनेक फेरारी मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अतितप्त झाल्यास 'वेग कमी करा' अशा अर्थाचा दिवा लागतो. काही सिलिंडरांत ठिणगी पडली नाही, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते व तो लालबुंद होतो. जवळच्या तारा व नळ्या त्या उष्णतेने पेटू शकतात. अडचण अशी की, या दिव्याची संवेदक यंत्रणा स्वतःच वारंवार बिघडते. खोट्या इशाऱ्यांना सरावलेला मालक खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतो, क्वचित तारच काढून टाकतो. इशारा खरा की खोटा हे चालकाला आसनावर बसून ठरविता येत नाही. तो खरा मानून थांबणे हाच सुरक्षित मार्ग होय.

नव्या व जुन्या मोटारींतील भेद :

नव्या मोटारी पेटत नाहीत असे नाही. २०१० साली फेरारी ४५८ इटालियाच्या चाकाच्या कमानीतील उष्णतारोधक पत्र्यासाठी वापरलेला चिकट पदार्थ तापून पेटत असल्याचे आढळले. कंपनीने १,२४८ मोटारी परत बोलावून तेथे रिव्हेट बसविले. नव्या मोटारीमागे अशी निर्मात्याची यंत्रणा उभी असते. जुन्या मोटारीच्या बाबतीत तडकलेली नळी शोधण्याची जबाबदारी मालकावरच येते.

उपाययोजना :

१. खरेदीपूर्वी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी व देखभालीच्या पावत्या तारखांसह पाहाव्यात.
२. इंधनाच्या सर्व रबरी नळ्या ठरावीक वर्षांनी बदलाव्यात. इंजेक्शन पद्धतीसाठी एसएई जे३० आर९ या प्रतीची नळी व योग्य क्लिप वापरावी.
३. पेट्रोलचा वास आल्यास मोटार सुरू करू नये. इंजिनावर तेल झिरपत असल्यास ते किरकोळ समजू नये.
४. द्रवरूप इंधनाच्या आगीस योग्य असे अग्निशामक उपकरण हाताशी ठेवावे.
५. धूर दिसताच मोटार बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, म्हणजे इंधनाचा पंप थांबतो. सर्वांनी बाहेर पडून दूर जावे व अग्निशामक दलास बोलवावे. इंजिनावरील झाकण एकदम पूर्ण उघडू नये, कारण आत शिरणाऱ्या हवेने आग भडकते.
६. दरवर्षीच्या देखभालीची तरतूद खरेदीच्या वेळीच बाजूला काढावी. ती शक्य नसेल, तर मोटार परवडत नाही असेच समजावे.

निष्कर्ष :

जुन्या विदेशी स्पोर्ट्स मोटारीतील आगीमागे बहुधा एखादा दुर्मीळ भाग नसतो. असते ती अल्प किमतीची नळी, सैल क्लिप वा झिजलेले गॅस्केट. त्या वस्तू स्वस्त आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचणे महाग आहे. हा खर्च वाचविणारा मालक आपली मोटारच नव्हे, तर शेजारी बसलेल्या माणसाचा जीवही पणाला लावतो. म्हणून अशा मोटारीची स्थिती जाणून घेताना तिने कापलेल्या अंतराबरोबरच तिच्या नळ्या शेवटच्या कधी बदलल्या, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.