आतला पदर

भोसरीतल्या त्या छोट्या कारखान्यात शिरलं की आधी ओल्या गोंदाचा वास येतो. चार रिळांवरून तपकिरी कागदाच्या चार अरुंद पट्ट्या तिरक्या येतात, गोंद लावून घेतात आणि फिरत्या पट्ट्याच्या ओढीने लोखंडी दांड्याभोवती एकीवर एक गुंडाळल्या जातात. दांड्याच्या दुसऱ्या टोकाने अखंड नळी सरकत बाहेर येते आणि पातं तिचे सारख्या मापाचे तुकडे पाडतं.

मी तिथे गेले होते आमच्या बचत गटाच्या उटण्यासाठी कागदी गोल डबे करून घ्यायला. आदल्या वर्षीचा अनुभव अजून ताजा होता. उटणं खपतं दिवाळीत, पण डब्यांत भरायचं काम भाद्रपदात सुरू होतं, हवा दमट असताना. तेव्हा ज्यांच्याकडून डबे घेतले, त्यांनी आम्हाला फक्त वरचे कागद दाखवले होते: चकचकीत, मॅट, सोनेरी छपाईचे. आम्हीही तेवढंच पाहून होकार दिला. तीन आठवड्यांत आंबेहळदीचे पिवळे डाग बाहेरच्या छपाईवर उमटले, टोपणं अडकून बसली, कपूरकाचरीचा वास उडाला. दीडशे डबे गटातल्या बायकांनी पुन्हा हाताने रिकामे केले.

या वेळी कारखान्याच्या मालकांनी, काकांनी, बसायला खुर्ची दिली आणि पहिलाच प्रश्न केला, "ताई, आत काय भरणार?" मी पुडी पुढे केली. त्यांनी चिमूटभर उटणं कोऱ्या कागदावर ठेवलं, बोटाने दाबलं आणि कागद उलटा करून उजेडात धरला. पाठीमागे तेलकट पिवळा ठिपका होता. "म्हणजे आतून सुरुवात करायची," ते म्हणाले.

मग त्यांनी क्राफ्ट कागदाचे दोन नमुने काढले. प्रत्येकाचा दहा सेंटिमीटरचा चौकोन कापून सोनाराकडे असतो तसल्या लहान काट्यावर ठेवला. दोन्ही 1.2 ग्रॅम. त्याला शंभराने गुणलं की एक चौरस मीटर कागदाचं वजन मिळतं: 120 जीएसएम. "आता फाडा," ते म्हणाले. पहिला चटकन फाटला, कड जवळजवळ साफ. दुसऱ्याला जोर लावावा लागला आणि फाटलेल्या कडेवर बारीक केसांसारखे लांब तंतू उभे राहिले. पहिला जुन्या खोक्यांच्या रद्दीपासून केलेला, दुसऱ्यात लाकडाचा नवा लगदा भरपूर. कागद पुन्हापुन्हा लगद्यात जातो तसे त्याचे तंतू आखूड होत जातात, आणि कागदाचा जीव त्या तंतूंच्या गुंत्यात असतो. क्राफ्ट या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी ताकद. 1879मध्ये कार्ल डाल यांनी लाकूड शिजवण्याची जी रीत काढली, तिच्यात तंतू लांब आणि मजबूत राहतात, म्हणून हे नाव.

ही ताकद बाजारात बीएफच्या आकड्याने मोजतात. 120 जीएसएमचा कागद 20 बीएफचा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला 2.4 किलोच्या दाबाला तो फुटतो. वजन तेच ठेवून 16 बीएफचा घेतला, तर 1.92 किलोलाच. कोटेशनवर नुसतं जीएसएम लिहिलं असेल, तर बीएफ विचारायचाच, हे मी वहीत लिहून घेतलं.

काकांनी एक पट्टी एका बाजूने ओली केली. क्षणात ती वळून तिची सुरळी झाली. तंतू ज्या दिशेने पसरलेले असतात, ती त्या सुरळीच्या लांबीची दिशा. पाणी प्यायलेला तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. म्हणून डब्यावर चिकटवायचा छापील कागद तंतू उभे येतील असा कापायचा. तो मुकाट्याने वळतो. आडवा कापला तर ताठ राहतो आणि सांध्याशी उकलायला बघतो.

आतल्या पदराचा निर्णय सर्वांत अवघड होता. ग्लासिन कागद तेल अडवतो, पण दमट हवा पूर्ण अडवत नाही. अॅल्युमिनियम फॉईल दोन्ही अडवतं, पण एकदा कागदाला चिकटलं की वेगळं काढता येत नाही आणि असा डबा रद्दीवालाही नीट घेत नाही. वर प्लॅस्टिकची चकचकीत फिल्म चढवली तर तीच गत. शेवटी आम्ही उटणं सीलबंद पुडीत भरायचं ठरवलं आणि डबा निव्वळ कागदाचा ठेवला. पुडी प्लॅस्टिकची आहे, हे मला आजही खुपतं. पण डबा तरी वेगळा राहतो, घरात सुईदोऱ्याला उपयोगी पडतो आणि पुढे कधी टाकलाच तर पुन्हा लगद्यात जाऊ शकतो.

अंगासाठी आम्ही रद्दीचा पुठ्ठा सोडला नाही. मधले थर त्याचेच, फक्त आतला आणि बाहेरचा थर लांब तंतूंच्या क्राफ्टचा. खर्च आवाक्यात राहिला. आदल्या वर्षी टोपणं का अडकली, तेही इथेच उमगलं. गोंदातलं पाणी कागदात मुरलेलं असतं आणि वाळताना नळी किंचित आकसते. ओल्या नळीचं माप धरून टोपण केलं की ते पुढे जुळत नाही. काकांकडे कापलेल्या नळ्या जाळीवर उभ्या मांडून आधी पुरत्या वाळवतात, माप मग घेतात.

नमुन्याचे दोन डबे मी घरी आणले आणि आठ दिवस बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली ठेवले. बाहेर पाऊस थांबत नव्हता. नवव्या दिवशी टोपण उचललं, ते सहज निघालं. परत डब्यावर ठेवून हात काढून घेतला. आतली हवा हलकेच बाहेर सोडत टोपण आपल्याच वजनाने खाली उतरलं आणि कडेला कड लागून थांबलं. मी काकांना फोन केला आणि पाचशे डब्यांची ऑर्डर दिली.